बोरीवलीचे २१ बाइट

पावतीवर ‘बोरीवल’ एवढंच छापलं होतं. त्याच्यापुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह.

ती पावती घेऊन एक बाई कुठल्याशा काउंटरवर उभ्या राहिल्या. पलीकडच्या माणसानं पावती आणि रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवून पाहिलं आणि सांगितलं, पत्ता जुळत नाही, दुरुस्त करून आणा. बाईंनी पावती पुन्हा छापून घेतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. पुन्हा तोच चौकोन, पुन्हा तेच उत्तर. दोन दिवस कामावर खाडा. मला हे सगळं कळलं ते तीन ओळींच्या एका तक्रारीतून, एसी ऑफिसात बसून. पावती छापणारा प्रोग्रॅम सी भाषेत होता आणि गावाचं नाव कापणारी ओळ माझी होती.

मी स्वतः बोरीवलीत वाढलो. आपल्याच स्टेशनचं नाव आपल्याच हातून तुटावं, याची गंमत वाटायला हवी होती. वाटली नाही.

झालं होतं ते असं. जुना प्रोग्रॅम इंग्रजी पावत्या छापायचा, त्यात मराठीची सोय नव्यानं घालायची होती. गावाच्या नावासाठी मी २० बाइटची जागा ठेवली. हिशोब साधा होता: बोरीवलीची इंग्रजी स्पेलिंगमध्ये ८ अक्षरं, घाटकोपरची ९, जोगेश्वरीची १०. म्हणजे २० म्हणजे दुप्पट, भरपूर. मग मराठीत चाचणी घेतली. ऑफिस अंधेरीला, म्हणून ‘अंधेरी’ टाकून पाहिलं. नीट छापलं. ‘मुलुंड’ टाकलं, तेही नीट. झालं काम.

संगणकात मराठीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. अक्षर वेगळं, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा. अंधेरी म्हणजे अ, अनुस्वार, ध, मात्रा, र, वेलांटी: ६ चिन्हं, १८ बाइट. मुलुंडही १८. दोन्ही २० मध्ये बसतात. बोरीवली म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट. एका वेलांटीनं ती डब्याबाहेर गेली.

हा २० बाइटचा डबा का ठेवावा लागतो, आणि नाव त्यात मावलं नाही तर संगणक ओरडत का नाही, हे शोधत मी मागे मागे गेलो. पन्नासहून अधिक वर्षं मागे. तिथं जे सापडलं ते कॉलेजात कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

*

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला आम्हाला सी होतं. विषयाचं नाव ‘स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग अप्रोच’, सगळे एसपीए म्हणायचे. लॅबमध्ये टर्बो सीचा निळा पडदा. बोरलँड कंपनीनं १९८७ मध्ये काढलेलं हे सॉफ्टवेअर आम्ही त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ उलटल्यावर, डॉसचं सोंग घेणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालवत होतो. बॅगेत यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. नागपूरच्या या लेखकानं देशभरातल्या किती पोरांना पास केलं असेल याची गणती नाही. पॉइंटर या एकाच प्रकरणाची लोकांनी इतकी धास्ती घेतलेली की त्यावर त्यांनी वेगळं पुस्तकच लिहिलं, ‘अंडरस्टँडिंग पॉइंटर्स इन सी’.

आमची समजूत मात्र तोंडपाठ व्याख्येपुरती: पॉइंटर म्हणजे दुसऱ्या व्हेरिएबलचा पत्ता साठवणारा व्हेरिएबल. व्हायवाला एवढं म्हटलं की सुटका.

तुम्हाला सी येत नसेल तरी चालेल. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या टपालपेट्या डोळ्यांसमोर आणा. एका रांगेत, प्रत्येकीवर क्रमांक. प्रत्येक पेटीत एकच छोटी चिठ्ठी मावते, आणि चिठ्ठीवर ० ते २५५ मधला एक आकडा. ही पेटी म्हणजे एक बाइट, आणि अशा पेट्यांची प्रचंड लांब रांग म्हणजे संगणकाची मेमरी. अंधेरी हे नाव इंग्रजीत लिहायला ७ अक्षरं लागतात. समजा ती पेटी क्रमांक ४० ते ४६ मध्ये ठेवली. आता कुठंतरी दुसरीकडे, समजा १२ नंबरच्या पेटीत, एक चिठ्ठी आहे आणि तिच्यावर लिहिलंय ‘४०’. ही चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. ती नाव सांगत नाही. नाव कुठून सुरू होतं ते सांगते. (खऱ्या संगणकात पत्ता मोठा असतो, त्याला एकाहून जास्त पेट्या लागतात. पण कल्पना हीच.)

एवढं कळलं की व्हायवातले अर्धे प्रश्न सुटतात. एका पॉइंटरमध्ये दुसरा पॉइंटर टाकला तर नावाची प्रत होते का? नाही. ‘४०’ लिहिलेली आणखी एक चिठ्ठी तयार होते, पेट्या त्याच. एकीच्या वाटेनं जाऊन नाव बदललं की दुसरीच्या वाटेनं जाणाऱ्यालाही बदललेलं दिसतं. दोन नावं सारखी आहेत का हे दोन बरोबरची चिन्हं टाकून तपासता येतं का? नाही. तसं केलं तर दोन चिठ्ठ्यांवरचे क्रमांक सारखे आहेत का एवढंच कळतं. एकच नाव दोन ठिकाणी लिहिलेलं असेल तर उत्तर ‘नाही’ येतं.

राहिला एक प्रश्न. नाव ४० पासून सुरू होतं हे चिठ्ठी सांगते. संपतं कुठं?

*

हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

मोडीतले जुने कागद पाहिलेत का? आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, हात उचलायचा तो शाई संपली की. अशा मजकुरात कोणी शेवटी दोन शब्द घुसडले तर कळणार कसं? त्यावरचा उपाय शिवाजी महाराजांच्या पत्रांत दिसतो. पत्राच्या माथ्यावर मोठी अष्टकोनी राजमुद्रा, आणि मजकूर जिथं संपतो तिथं दुसरी छोटी मुद्रा: ‘मर्यादेयं विराजते’. इथं मर्यादा आहे, याच्या पुढचं माझं नाही. पुढे पेशवाईतल्या कागदांवर याच जागी ‘लेखनसीमा’ असा शिक्का दिसतो. वरचा तो शिक्का, खालचं ते मोर्तब. आपण आजही एखादी गोष्ट पक्की झाली की ‘शिक्कामोर्तब झालं’ म्हणतो. त्या शब्दाचा अर्धा भाग मजकुराच्या शेवटाची खूण आहे हे लक्षात राहत नाही.

माझे वडील चेक लिहिताना ‘रुपये पाच हजार मात्र’ लिहितात आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढतात. आकड्यात लिहिताना ५,०००/-. ते ‘मात्र’ आणि ती तिरकी रेघ हीसुद्धा मोर्तबाचीच भावंडं.

दुसरी पद्धत अगदी उलटी: आधीच मोजून सांगायचं. तारेत तसं असे. मजकुराच्या आधी शब्दसंख्या पाठवली जायची. पलीकडचा तारबाबू आलेले शब्द मोजून आकडा जुळवायचा, कमी भरले तर विचारणा करायचा. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, त्यामुळे माझ्या पिढीनं तार पाहिली ती बहुतेक सिनेमातच.

तर दोन रस्ते. शेवटी खूण करायची, नाहीतर सुरुवातीला संख्या सांगायची. संगणकाची भाषा घडवणाऱ्यांपुढेही हेच दोन रस्ते होते.

*

सुरुवातीच्या यंत्रांवर हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता, कारण तिथं अक्षराला स्वतःचा पत्ताच नसे. मुंबईतलंच उदाहरण घ्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा संगणक तयार झाला, १९६० मध्ये तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. त्याची मेमरी २,०४८ ‘शब्दां’ची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या मापात १० केबी. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या फुलाला याहून जास्त जागा लागते. इथं शब्द म्हणजे भाषेतला शब्द नव्हे, यंत्राची एक मोठी पेटी. पत्ता असायचा तो या ४० बिटांच्या पेटीला. गणितासाठी बांधलेल्या यंत्राला ते ठीक होतं. अक्षरं ठेवायची तर एका पेटीत अनेक कोंबायची आणि लागतील तेव्हा सोडवून काढायची.

केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्सनं १९६७ मध्ये बीसीपीएल नावाची भाषा केली तीही अशाच पेट्या धरून. तिच्यात सगळं काही एकाच मापाचं: आकडा तेवढाच, पत्ताही तेवढाच. स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, ठेवताना पहिल्या बाइटात एकूण अक्षरांची संख्या लिहायची. तारेची पद्धत. अडचण अशी की एका बाइटात २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. त्याहून लांब मजकूर असेल तर पंचाईत.

न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसननं बीसीपीएल तासून आणखी छोटी भाषा केली, बी. त्याच्याकडचं यंत्र पीडीपी-७, त्यात १८ बिटांचे ८ हजारांच्या घरात शब्द. जागेची मारामार. बी भाषेत स्ट्रिंगची पद्धत बदलली: पुढची संख्या काढून टाकली आणि शेवटी खूण ठेवली. डेनिस रिची या थॉम्पसनच्या सहकाऱ्यानं पुढे या भाषांचा इतिहास लिहिला, त्यात याची दोन कारणं दिली आहेत. एक, २५५ सारखी मर्यादा नको होती. दुसरं, संख्या सतत सांभाळत बसण्यापेक्षा शेवटची खूण वापरायला सोपी आहे असा त्यांचा अनुभव होता. पुढे सीमध्ये ही खूण शून्य झाली. पेटी क्रमांक ४७ मध्ये शून्याची चिठ्ठी दिसली की नाव संपलं.

म्हणजे मोर्तबाची पद्धत जिंकली. फरक एकच. मोर्तब दिसलं नाही तर कारकून थांबायचा आणि विचारायचा. संगणक थांबत नाही. शून्य कोणी ठेवायचं विसरलं तर तो ४८, ४९, ५० अशा शेजाऱ्यांच्या पेट्या उघडत जातो आणि कुठंतरी योगायोगानं शून्य भेटेपर्यंत सगळं नावाचाच भाग समजून वाचतो.

*

मग पीडीपी-११ आलं. त्याची मेमरी सुरुवातीला २४ केबी, पण मोठी गोष्ट दुसरीच होती: त्यात प्रत्येक बाइटाला स्वतःचा पत्ता होता. अक्षराला पहिल्यांदा स्वतःची पेटी मिळाली. बी भाषा मात्र अजून मोठ्या पेट्याच मोजत होती, त्यामुळे प्रत्येक वेळी पत्ता वापरताना यंत्राला गुणाकार करून तो बाइटांच्या हिशोबात आणावा लागायचा. पत्ता कसला आहे, अक्षराचा की आकड्याचा, हे भाषेला माहीत असणं गरजेचं झालं. त्यातून रिचीनं १९७१ ते १९७३ च्या दरम्यान सी घडवली.

लॅबमध्ये आम्हाला छळणारं एक कोडं इथं उलगडतं. अक्षराच्या पॉइंटरमध्ये एक मिळवला की पत्ता एकनं वाढायचा, पण पूर्णांकाच्या पॉइंटरमध्ये एक मिळवला की दोननं. सर म्हणायचे, पाठ करा. कारण असं की सीत ‘एक मिळव’ याचा अर्थ ‘पुढच्या वस्तूवर जा’. पीडीपी-११ वर पूर्णांक २ बाइटांचा होता, आमच्या टर्बो सीतही २ बाइटांचाच. भाषा गुणाकार स्वतः करत होती, आम्हाला करावा लागू नये म्हणून.

दुसरं कोडं: अॅरेचं नाव लिहिलं की ते आपोआप पहिल्या पेटीचा पत्ता कसं होतं? याची जन्मकथा रिचीनंच सांगितली आहे, आणि ती वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. युनिक्स या त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलची नोंद १६ बाइटांची असे. २ बाइट फाइलचा क्रमांक, १४ बाइट तिचं नाव. बी भाषेच्या पद्धतीनं अॅरे म्हणजे दोन वस्तू: पेट्यांची रांग, आणि रांगेचा पत्ता लिहिलेली वेगळी चिठ्ठी. मग या नोंदीत ती चिठ्ठी ठेवायची कुठं? १६ बाइटांत तिला जागा नव्हती, कारण डिस्कवर ती नोंद तशीच्या तशी पडलेली होती. रिचीनं चिठ्ठीच काढून टाकली. अॅरेचं नाव वापरलं की तेवढ्यापुरता पत्ता तयार करायचा, कुठं साठवायचा नाही. आज जगभरची पोरं ज्या नियमापाशी अडखळतात तो या १४ बाइटांच्या नावासाठी केलेला आहे.

या नोंदीत नाव पुरतं १४ अक्षरांचं असेल तर शेवटच्या शून्याला जागा उरत नसे. नाव छोटं असेल तर उरलेल्या जागेत शून्यं भरायची. अशा ठरलेल्या मापाच्या डब्यात नाव भरण्यासाठी सीच्या साठ्यात एक फंक्शन आलं, त्याचं नाव स्ट्र-एन-कॉपी. ते सांगितलेले बाइट मोजून टाकतं, उरलेली जागा शून्यांनी भरतं, वडिलांच्या चेकवरच्या रेघेसारखी. मजकूर मावला नाही तर जेवढा मावतो तेवढा घेतं आणि गप्प बसतं. शेवटी शून्य ठेवायची हमीसुद्धा देत नाही.

पावतीच्या प्रोग्रॅममध्ये मी वापरलेलं फंक्शन हेच. १९ बाइट घे, २० व्यात मी स्वतः शून्य ठेवलं. अगदी सावधगिरीनं. कारण मला शिकवलं होतं की सुरक्षित पद्धत हीच आहे. जी गोष्ट फाइलींच्या नोंदीसाठी बनली होती ती मी माणसाच्या पत्त्यावर चालवली.

*

शून्याच्या भरवशावर राहण्याची किंमत जगानं २ नोव्हेंबर १९८८ ला पाहिली. रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्यानं सोडलेला एक प्रोग्रॅम त्या वेळच्या छोट्याशा इंटरनेटवर पसरला आणि मशिन एकामागून एक बसू लागली. तो आत शिरण्याच्या वाटांपैकी एक होती सीमधलं गेट्स हे फंक्शन. समोरून येणारी ओळ ते वाचून घेतं, पण डबा केवढा आहे हे त्याला माहीतच नसतं. तिथं डबा ५१२ बाइटांचा होता, पाठवलेली ओळ ५३६ ची. वरचे बाइट शेजारच्या पेट्यांत सांडले, आणि त्या शेजाऱ्यांत काम संपल्यावर कुठं परतायचं तो पत्ताही होता. पत्ता बदलला की संगणक घुसखोराच्या घरी जाऊन काम करू लागतो.

२०११ च्या मानकात हे फंक्शन सी भाषेतून काढून टाकलं. त्यानंतर काही वर्षांनी आम्ही लॅबमध्ये नाव वाचायला तेच वापरत होतो. टर्बो सीला २०११ साल माहीत नव्हतं, आणि जर्नलमधला प्रोग्रॅम सीनिअर्सच्या जर्नलमधून उतरलेला होता.

*

आता मराठीकडे येऊ, कारण बोरीवली २१ बाइटांची का हा प्रश्न राहिलाच आहे.

भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक ठरलं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान यावरच चालायचं. त्यात इंग्रजीच्या १२८ जागा जशाच्या तशा ठेवून वरच्या १२८ मध्ये आपली अक्षरं बसवली होती. एका चिन्हाला एक बाइट. त्या हिशोबानं बोरीवली ७ बाइटांची. युनिक्सच्या १४ च्या डब्यातही आरामात मावली असती. अडचण अशी की त्याच वरच्या जागांत रशियन, ग्रीक, अरबी सगळ्यांनी आपापली अक्षरं बसवली होती. कोणता आकडा कोणत्या लिपीचा हे आधी ठरवल्याशिवाय वाचता येत नसे.

त्याच वर्षी युनिकोड आलं: जगातल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक. देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतली, क्रमांक २३०४ पासून पुढे. हे क्रमांक साठवायचे तर सरसकट २ बाइट वापरू, असा विचार होता. सीच्या दुनियेत ते चालणार नव्हतं. कारण इंग्रजी अक्षरांचे क्रमांक छोटे, त्यांचा एक बाइट शून्य यायचा, आणि शून्य दिसलं की सी म्हणणार नाव संपलं. पहिल्या अक्षरावरच प्रत्येक इंग्रजी मजकूर तुटला असता.

सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखाली घालायच्या कागदावर, यावर तोडगा निघाला. यूटीएफ-८. तोडगा काढणारे दोघं होते रॉब पाइक आणि, हो, केन थॉम्पसन. वीसेक वर्षांपूर्वी ज्यानं शेवटच्या खुणेची पद्धत घेतली त्यानंच आता ती मोडणार नाही अशी सगळ्या जगाच्या लिप्यांची सोय केली.

त्यांची युक्ती अशी: इंग्रजीला पूर्वीसारखाच एक बाइट. बाकीच्यांना दोन, तीन किंवा जास्त, पण त्यातला एकही बाइट शून्य येणार नाही. चिन्हाचा पहिला बाइट सांगतो की एकूण किती बाइटांचं चिन्ह आहे, आणि पुढचे सगळे १२८ ते १९१ मधले, म्हणजे ‘मी मधला आहे’ असं सांगणारे. गंमत पाहा: प्रत्येक चिन्हाच्या आधी संख्या, तारेसारखी. पूर्ण मजकुराच्या शेवटी शून्य, मोर्तबासारखं. दोन्ही रस्ते एकाच मांडणीत.

२ बाइटांत २०४७ क्रमांकापर्यंतचीच चिन्हं मावतात. ग्रीक, रशियन, अरबी तिथं बसल्या. देवनागरी २३०४ पासून सुरू होते, म्हणून आपल्याला ३. थोडक्यात हुकलं. पण त्या कागदामुळेच सत्तरच्या दशकातल्या पद्धतीनं लिहिलेले प्रोग्रॅम मराठी मजकूर न समजताही इकडून तिकडे सुखरूप नेतात. मापाला मात्र फसतात. लांबी मोजायच्या स्ट्रलेन या फंक्शनला ‘बोरीवली’ दिली की ते २१ म्हणतं. आपण ४ अक्षरं म्हणतो, युनिकोड ७ चिन्हं म्हणतं. ‘लक्ष्मी’ आपल्याला दोन अक्षरी वाटते, तीही २१ बाइटांची.

*

आता पावतीवरचा तो चौकोन मला वाचता येत होता. बोरीवलीची शेवटची वेलांटी म्हणजे २२४, १६५, १२८ असे तीन बाइट. १९ पैकी १८ मध्ये ‘बोरीवल’ बसलं आणि एकोणिसाव्यात २२४ आला. २२४ म्हणतो, मी तिघांतला पहिला आहे, मागून दोघं येतायत. मागून आलं शून्य. प्रिंटरला काही कळेना, त्यानं प्रश्नचिन्ह छापलं. खरं सांगायचं तर त्या सगळ्या साखळीत ‘इथं काहीतरी चुकलंय’ असं म्हणणारा तो एकटाच होता.

माझी पहिली दुरुस्ती हुशारीची होती. कापायच्या जागेवरून मागे यायचं, ‘मी मधला आहे’ म्हणणारे बाइट आणि अर्धवट राहिलेला पहिला बाइट टाकून द्यायचा, अख्ख्या चिन्हावर थांबायचं. पाच-सहा ओळी. चौकोन गेला. कोड तपासायला दिला तेव्हा टीममधल्या सीनिअर सहकारी बाईंनी तीन नावं टाकून पाहिली. पडद्यावर आलं: ‘घाटकोप’. ‘कांदिव’. ‘जोगेश्’.

“आधी निदान चूक दिसत होती,” त्या म्हणाल्या. “आता तीही दिसत नाही.”

‘बोरीवल’ आता स्वच्छ छापलं जाणार होतं. काउंटरवरच्या माणसाला प्रिंटरचा दोष आहे असं वाटायचीही सोय मी काढून घेतली होती. त्याच्या दृष्टीनं बाईंनीच पत्ता चुकीचा दिला असता.

त्या संध्याकाळी बोरीवली स्लो पकडली आणि अंधेरीपासून एकेक बोर्ड वाचत गेलो. जोगेश्वरी, कांदिवली, बोरीवली. मला वाटत होतं की बाइट कुठं कापायचे हा प्रश्न आहे. कापायचं कशाला, हे मी विचारलंच नव्हतं. रिचीकडे २४ केबी होती. त्याला १४ बाइटांवर थांबावं लागलं आणि त्यानं त्यातून पन्नास वर्षं टिकलेली भाषा काढली. माझ्या सर्व्हरला जागेची कसलीच ददात नव्हती. मी त्याची टंचाई फुकट वारशात घेतली आणि ती एका बाईंच्या पत्त्यावर खर्च केली.

दुसरी दुरुस्ती साधी होती. आधी नाव मोजायचं, तारबाबूसारखं. मग तेवढी अधिक एक शून्याची अशी जागा मागायची. छापील पावतीच्या रकान्यात मावत नसेल तर दुसऱ्या ओळीवर न्यायचं. आणि खरंच काही कारणानं मावलं नाही तर पावती न छापता थांबायचं, मोठ्यानं सांगायचं. अर्धं नाव छापून पुढे जायचं नाही.

त्या बाईंची पावती नव्यानं काढली तेव्हा पाठवण्याआधी मी ती फाइल बाइट बाइट उघडून पाहिली. २२४, १६५, १२८. मग शून्य. त्यांना ती मिळाल्यावर काउंटरवर काय झालं हे मला कळलं नाही, पुन्हा तक्रार आली नाही एवढंच. आमच्या चाचण्यांच्या यादीत ‘अंधेरी’ अजून आहे. तिच्या वर आता घाटकोपर, कांदिवली, जोगेश्वरी आहेत, आणि सगळ्यात वर बोरीवली.